वाचकांचे प्रश्न : जंगलातल्या तळ्याकाठी तंबूतला मुक्काम

डोंगरातल्या जंगलात, एखाद्या तळ्याकाठी तंबू ठोकून दोन-तीन रात्री राहण्याविषयी वाचकांचे बरेच प्रश्न आले आहेत. बहुतेकांच्या मनातली जागा सुसज्ज कॅम्पसाइट नव्हे. तंबूपुरती सपाट जमीन, शेकोटीसाठी दगडांचे एखादे कडे आणि फार तर खड्ड्याचे शौचालय, एवढ्यावर तिथल्या सोयी संपतात. नळ नाही, वीज नाही, कचरा उचलायला कोणी येत नाही आणि फोनला रेंज मिळेलच याचा भरवसा नाही. अशा ठिकाणच्या बऱ्याच अडचणींचे मूळ पाण्याच्या अगदी जवळ जाऊन बसण्यात असते, हे या प्रश्नांवरून पुन्हा पुन्हा जाणवले. म्हणून पहिले उत्तर जरा सविस्तर दिले आहे.

प्रश्न : आम्ही दोन मुलांसह प्रथमच अशा जागी जात आहोत. तंबूचे दार उघडताच समोर पाणी दिसेल अशी काठावरची जागा मुलांना हवी आहे. जागा निवडताना काय पाहावे?

उत्तर : मुलांची हौस दिवसा जरूर पुरवावी. झोपायची जागा मात्र पाण्यापासून निदान ६० मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण ७० ते ८० पावले, दूर आणि जमल्यास थोडी उंचावर असावी. सूर्य मावळला की डोंगराचे उतार झपाट्याने निवतात, त्यांना लागून असलेली हवा थंड होऊन जड होते आणि उताराने खाली उतरत खोलगट भागात साचते. तळे हा आसपासचा सर्वांत खोल भाग असल्यामुळे ही गार हवा नेमकी त्याच्या काठावर येऊन थांबते. शांत आणि निरभ्र रात्री काठावरची जागा आणि तिच्यापेक्षा थोडी उंचावरची जागा यांच्या तापमानात काही अंशांचा फरक सहज पडतो. त्यात पाण्यावरची दमट हवा मिसळली, की दवही काठावरच अधिक पडते. डासांचा मुक्काम तिथेच असतो, रात्री पाण्यावर येणारी जनावरे तिथूनच ये-जा करतात आणि काठावरची नाजूक झुडुपे व गवत माणसांच्या वावराने एकदा तुडवले गेले, की ते पुन्हा उभे राहायला काही वर्षे लागतात. तळावर तंबूच्या जागा आधीच आखून दिलेल्या असतील तर त्यांपैकीच एक घ्यावी. अधिक चांगला देखावा मिळावा म्हणून झाडोरा साफ करून नवी जागा करू नये.

जागा पसंत पडली, की आधी मान वर करून पाहावे. उभे वाळलेले झाड, मोडून दुसऱ्या फांदीत अडकून राहिलेली फांदी किंवा एका बाजूला कललेले खोड तंबूच्या टप्प्यात असेल, तर जागा कितीही सपाट असली तरी ती सोडून द्यावी. अशा फांद्या पडायला वादळ लागतेच असे नाही. त्यानंतर जमिनीकडे पाहावे. पाचोळा, काटक्या आणि बारीक रेती एका ओळीत साचलेली दिसली, तर मागच्या पावसाचे पाणी तिथून वाहून गेले आहे असे समजावे. पुष्कळ तंबू लागून गुळगुळीत झालेली जागा मोहात पाडते. तिथली माती मात्र दबून इतकी घट्ट झालेली असते, की पाणी मुरत नाही, आणि मधोमध किंचित खळगा असेल तर पाऊस थेट अंथरुणाखाली साचतो. तळ्याला मिळणाऱ्या ओढ्याच्या मुखाशी तंबू लावू नये, मग ओढा कोरडा का असेना, कारण वरच्या खोऱ्यात पडलेल्या पावसाचा लोंढा आपल्या डोक्यावर ढग नसतानाही येऊ शकतो.

वाऱ्याविषयी एवढे लक्षात ठेवावे, की डोंगरात दिवसा वारा बहुधा उताराने वर चढतो आणि रात्री खाली उतरतो. त्यामुळे दुपारच्या वाऱ्याकडे पाठ करून लावलेल्या तंबूच्या दारात रात्रीचा गार वारा थेट शिरतो. तंबूची अरुंद बाजू रात्रीच्या वाऱ्याकडे करावी. खुंट्या तिरप्या, डोके तंबूपासून बाहेर झुकेल अशा ठोकाव्यात, आणि वारा पडलेला असला तरी ताणाच्या दोऱ्या बांधूनच झोपावे. हे सारे उजेडात करायचे असल्याने अंधार पडण्याच्या निदान दोन तास आधी तळावर पोहोचावे. तंबू उभारण्यापूर्वी नुसते खालचे कापड पसरून त्यावर एकदा आडवे होऊन पाहिले, तर पाठीखालचा दगड आणि डोक्याकडचा उतार दोन्ही वेळेवर कळतात.

प्रश्न : रात्रभर पाऊस नव्हता, तरी सकाळी तंबूच्या आतल्या बाजूने पाणी ठिबकत होते आणि स्लीपिंग बॅगचे पायाकडचे टोक ओले झाले होते. तंबू नवा आहे. तो सदोष आहे का?

उत्तर : आपण दिलेल्या वर्णनावरून तंबूचा दोष दिसत नाही. झोपलेल्या माणसांच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभर वाफ बाहेर पडत असते. बाहेरचे कापड आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षाही थंड होते आणि आतली दमट हवा त्याला लागली की तिचे पाणी होते. ओळखायची खूण सोपी आहे. थेंब संपूर्ण छतावर सारखे पसरले असतील तर ते आतल्या वाफेचे, आणि पावसानंतर एखाद्या शिवणीच्या रेषेतच उमटत असतील तर ती गळती.

उपाय एकच, हवा खेळती ठेवणे. थंडी वाजेल या भीतीने लोक सगळ्या जाळ्या बंद करतात आणि पहाटे ओल्या अंथरुणात अधिक कुडकुडतात. छताजवळचे झरोके उघडे ठेवावेत आणि दाराची चेन खालच्या बाजूने वीतभर उघडी ठेवावी, म्हणजे खालून हवा आत येऊन वरून बाहेर जाते. ओले कपडे आत वाळत घालू नयेत. उंच व्यक्तीने सरळ न झोपता एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्याकडे तिरके झोपावे, नाहीतर पायांचा दाब पडून आतले कापड बाहेरच्याला टेकते आणि नेमके तेच टोक ओले होते. उघड्या आकाशाखाली लावलेल्या तंबूपेक्षा निरोगी झाडांच्या छायेतल्या तंबूवर दव कमी धरते. नायलॉनचे बाहेरचे कापड ओले झाले की सैल पडते, हेही ध्यानात असावे. संध्याकाळी ताणून लावलेला तंबू मध्यरात्री लोंबकळू लागतो तो यामुळे. झोपण्यापूर्वी एकदा दोऱ्या ओढून घेतल्या की पुरते.

तंबूखाली अंथरलेले प्लास्टिक बाहेर डोकावत असेल, तर त्याच्या कडा आत दुमडाव्यात. बाहेर राहिलेल्या कडेवर पडलेला पाऊस तळाखाली वाहत जातो आणि मग दोष तंबूला दिला जातो.

प्रश्न : माझ्या स्लीपिंग बॅगवर ५ अंश लिहिले आहे. त्या रात्री तापमान ७ अंशांच्या खाली गेले नसावे, तरी झोप लागली नाही. आकडा खोटा मानावा का?

उत्तर : आकडा खोटा नसावा, परंतु तो कशाचा आकडा आहे हे पाहायला हवे. आयएसओ २३५३७ या प्रमाणाप्रमाणे तपासलेल्या बॅगेवर ‘कम्फर्ट’ आणि ‘लिमिट’ असे दोन आकडे असतात. कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण स्त्री सैलावून झोपू शकेल असे तापमान, तर लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंग आक्रसून कशीबशी रात्र काढू शकेल असे. जाहिरातीत ठळक छापलेला आकडा बहुधा लिमिटचा असतो. ज्यांना थंडी लवकर वाजते त्यांनी कम्फर्टचाच आकडा धरावा आणि त्याहून चार-पाच अंशांची सवड ठेवावी.

तरीही माझा पहिला संशय बॅगेवर नसून तिच्या खालच्या मॅटवर आहे. बॅगेची ऊब तिच्या भरावात अडकलेल्या हवेमुळे असते. अंगाखाली तो भराव दबला की ती हवा निघून जाते आणि शरीर थेट जमिनीला उष्णता देऊ लागते. मॅट ही उष्णता किती अडवते ते ‘आर व्हॅल्यू’ या आकड्याने सांगतात. उबदार उन्हाळी रात्रीला २ च्या आसपासची मॅट चालते, तापमान शून्याजवळ जाणार असेल तर ४ किंवा अधिक हवी, आणि बर्फावर झोपायचे तर ५ च्या पुढे. दोन मॅट एकावर एक घातल्या तर त्यांच्या आकड्यांची बेरीज होते, म्हणून जुनी फोमची पट्टी टाकून देण्याची घाई करू नये. फुगवायची साधी गादी घरी पाहुण्यांसाठी उत्तम असली, तरी आत भराव नसल्याने तिच्यातली हवा फिरत राहते आणि थंड जमिनीवर ती फारच गार लागते.

हवामानाचा अंदाज आपण पायथ्याच्या वस्तीचा पाहिला असेल, तर उंचीचा हिशेबही करावा लागतो. दर १,००० मीटर उंचीला तापमान सरासरीने साडेसहा अंशांनी उतरते. झोपताना कोरडे मोजे घालावेत, बॅगेत तोंड खुपसून श्वास सोडू नये, कारण त्या वाफेने भराव दमट होतो, आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून ती पायाशी घ्यावी.

प्रश्न : तळ्याचे पाणी नितळ आहे आणि वर वस्ती नाही. ते तसेच प्यावे का? उकळणे, फिल्टर आणि गोळ्या यांपैकी काय निवडावे?

उत्तर : तसेच मुळीच पिऊ नये. नितळपणाचा आणि निर्जंतुकपणाचा संबंध नाही. जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे आतड्याचा आजार करणारे सूक्ष्म जीव वन्य प्राण्यांच्या विष्ठेतूनही पाण्यात येतात आणि थंड पाण्यात दीर्घकाळ तग धरतात. लक्षणे कित्येकदा घरी परतल्यावर, आठवड्याभराने दिसतात. त्यामुळे ‘आम्ही प्यायलो, काही झाले नाही’ हा सहलीतल्या माणसाचा दाखला फारसा कामाचा नाही.

तीन पर्यायांत उकळणे सर्वांत खात्रीचे. खळखळून उकळी फुटल्यावर १ मिनिट, आणि साधारण २,००० मीटरच्या वर ३ मिनिटे, एवढे पुरेसे आहे. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते, ३,००० मीटरवर सुमारे ९० अंशांना. ती उष्णताही जंतू मारायला पुरते, फक्त वेळ थोडा वाढवायचा. दहा-पंधरा मिनिटे उकळत ठेवणे म्हणजे इंधन जाळणे होय. सुमारे ०.२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्रांचा फिल्टर जिवाणू आणि वरील दोन्ही जीव अडवतो, विषाणू मात्र त्यातून निसटतात. माणसांची वर्दळ असलेल्या तळ्यावर म्हणूनच फिल्टरनंतर उकळणे किंवा गोळी टाकणे इष्ट. क्लोरीनच्या साध्या गोळ्यांना क्रिप्टोस्पोरिडियम दाद देत नाही. क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या त्याला मारतात, पण त्यासाठी सहसा चार तास थांबावे लागते. पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा वापरून ओला झाल्यावर गोठला, तर त्याचे तंतू फाटतात आणि बाहेरून काही कळत नाही. गारठ्याच्या रात्री तो स्लीपिंग बॅगेत जवळ घेऊन झोपावे.

एका बाबतीत यांपैकी कशावरच विसंबू नये. पाण्यावर सांडलेल्या हिरव्या रंगासारखा तवंग दिसला, तर तो नील-हरित जिवाणूंचा असू शकतो. त्यांचे विष उकळल्याने नाहीसे होत नाही, उलट पाणी आटल्याने अधिक तीव्र होते. असे पाणी पिऊ नये, त्यात मुलांना किंवा कुत्र्याला उतरवू नये. शक्यतो तळ्यात येणाऱ्या वाहत्या ओढ्याचे पाणी घ्यावे. तळ्यातूनच घ्यावे लागले तर गाळ न ढवळता, काठापासून थोडे आत जाऊन भरावे आणि गढूळ असल्यास आधी निवळू देऊन कापडातून गाळावे. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला तीन-चार लिटर धरावे.

प्रश्न : शौचालय नसेल तर काय करावे? आणि निसर्गस्नेही साबण तळ्यात वापरलेला चालतो ना?

उत्तर : साबणाचे आधी सांगतो : चालत नाही. असा साबण विघटित होतो तो मातीतल्या जिवाणूंमुळे. थेट पाण्यात गेला तर जलचरांना त्याचा त्रास होतोच. पाणी भांड्यात घेऊन ६० मीटर दूर जावे, भांडी व अंग तिथे धुवावे आणि अन्नकण गाळून घेऊन ते पाणी जमिनीवर पसरून टाकावे. अन्नकण कचऱ्याच्या पिशवीत घालावेत.

शौचासाठी पाणी, पायवाट आणि तंबू या तिन्हींपासून तेवढ्याच अंतरावर १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा खणावा. भुसभुशीत काळ्या मातीत विघटन लवकर होते. फार खोल खणले तर तिथे जिवाणूच कमी असतात, त्यामुळे अधिक खोल म्हणजे अधिक चांगले असे नाही. काम झाल्यावर खणलेल्याच मातीने खड्डा बुजवून वर पाचोळा सारावा. कागद शक्यतो पिशवीत घालून परत न्यावा. ओले वाइप्स आणि सॅनिटरी नॅपकिन कधीही पुरू नयेत, ते कुजत नाहीत आणि जनावरे ते उकरून काढतात. तळावर खड्ड्याचे शौचालय असेल तर तेच वापरावे आणि त्यात कचरा टाकू नये, कारण तो पुढे कोणाला तरी हाताने काढावा लागतो.

प्रश्न : पाऊस लागला तर तंबूत स्टोव्ह पेटवला तर चालेल का? दार उघडे ठेवू.

उत्तर : नाही. स्टोव्ह, कोळशाची शेगडी किंवा निखारे तंबूत नेऊच नयेत, अगदी विझत आलेलेही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि त्याने येणारी गुंगी थकव्यासारखीच वाटत असल्याने माणूस सावध होण्याऐवजी झोपतो. शिवाय तंबूचे कापड क्षणात पेट घेते. पावसाची शक्यता असेल तर चारी बाजू मोकळ्या राहतील असे ताडपत्रीचे छप्पर तंबूपासून वेगळे, उंचावर बांधावे, आणि एका वेळेपुरते न शिजवता खाता येईल असे काही जवळ असू द्यावे.

थंडीत स्टोव्ह पेटत नाही अशीही तक्रार एका वाचकाने केली आहे. याचे कारण स्टोव्हच्या डब्यात द्रवरूपात भरलेल्या गॅसमध्ये असते. ब्यूटेन शून्याच्या जरा खालीच वायुरूप होणे थांबवते, आयसोब्यूटेन उणे १२ अंशांच्या आसपास आणि प्रोपेन उणे ४२ अंशांना. थंड जागी आयसोब्यूटेन-प्रोपेन मिश्रणाचा डबा घ्यावा आणि पेटवण्यापूर्वी तो जॅकेटमध्ये धरून उबवावा. आगीजवळ ठेवून गरम करू नये.

प्रश्न : शेकोटी करावी की नाही? आणि उरलेले अन्न तंबूत ठेवले तर काय बिघडते?

उत्तर : शेकोटीला परवानगी असेल, वारा नसेल आणि दगडांचे कडे आधीचेच असेल तर करावी. ऊब मिळवण्याचे साधन म्हणून मी तिच्यावर भिस्त ठेवणार नाही, कारण ती समोरून भाजते आणि पाठ गारच राहते. सरपण खाली पडलेले, वाळलेले, हाताने मोडेल इतपत जाडीचे असावे. लांबून लाकडे आणू नयेत, त्यांतून झाडे पोखरणारे किडे नव्या जंगलात पोहोचतात. तळ्याच्या काठावरचे ओले गोटे शेकोटीभोवती रचू नयेत, आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. विझवताना पाणी ओतावे, ढवळावे, पुन्हा पाणी ओतावे आणि शेवटी राखेजवळ हाताची मागची बाजू नेऊन ऊब लागते का ते पाहावे. नुसती माती लोटली तर खाली निखारे धुमसत राहतात, आणि सूचिपर्णी जंगलातल्या जाड पाचोळ्यातून व मुळांतून ही आग काही दिवसांनी, काही मीटर अंतरावर वर येऊ शकते.

अन्नाबाबत अस्वलाची भीती सर्वांना असते. प्रत्यक्षात तंबूचे कापड कुरतडून आत शिरणारा पाहुणा बहुतेक वेळा उंदीर असतो. अन्नाबरोबर टूथपेस्ट, साबण, क्रीम आणि कचराही वासाच्याच वस्तू आहेत. अस्वलांचा वावर असलेल्या जंगलात हे सर्व तंबूपासून ६० ते १०० मीटरवर, तिथल्या नियमाप्रमाणे टणक डब्यात किंवा जमिनीपासून सुमारे ४ मीटर उंच आणि खोडापासून दीड-दोन मीटर दूर टांगून ठेवावे. स्वयंपाकाची जागाही तंबूला लागून नसावी.

प्रश्न : मुलांना चांगले पोहता येते. तळ्यात पोहू द्यावे का?

उत्तर : पोहण्याच्या तलावातले कौशल्य इथे अपुरे पडते. उन्हाने वरचा थर कोमट झालेला असला, तरी जरा खाली पाणी एकदम गार असते, आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने शरीरातली उष्णता ओढून घेते. १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक पडले, की पहिल्या मिनिटभरात श्वास आपोआप धापेने आत ओढला जातो आणि त्याच वेळी तोंड पाण्याखाली असेल तर बुडण्याचा धोका असतो. पुढच्या दहाएक मिनिटांत हातपाय ढिले पडू लागतात. म्हणून सूर मारू नये, पायांनी हळूहळू उतरावे, काठाला समांतर आणि पाय टेकेल एवढ्याच पाण्यात राहावे. मुलांना लाइफ जॅकेट घालावे आणि एका मोठ्या माणसाने दुसरे कोणतेही काम न करता लक्ष ठेवावे. बुडालेली खोडे आणि एकदम खोल होणारा तळ वरून दिसत नाहीत. बाहेर आल्यावरही शरीर काही वेळ थंड होत राहते, तेव्हा अंग पुसून कोरडे कपडे लगेच चढवावेत. अंगाला लावलेले डासांचे औषध पाण्यात उतरण्यापूर्वी पुसून टाकावे. डीट हे डास पळवणारे रसायन असलेले औषध तंबूच्या खिडकीच्या प्लास्टिकलाही लागू देऊ नये, ते विरघळते.

प्रश्न : विजांचे वादळ आले तर तंबूत थांबणे सुरक्षित का?

उत्तर : तंबू विजेपासून कसलेही संरक्षण देत नाही. पत्र्याच्या छताची गाडी जवळ असेल तर गडगडाट ऐकू येताच तिच्यात जाऊन काचा लावून बसावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतच्या सेकंदांना तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते, परंतु आवाज ऐकू येतो आहे म्हणजे आपण टप्प्यात आहोत, एवढे समजले तरी पुरे. गाडी नसेल तर पाणी, कडा आणि एकटे उंच झाड सोडून सारख्या उंचीच्या बुटक्या झाडांच्या दाटीत, सखल पण कोरड्या जागी जावे आणि एकमेकांत अंतर ठेवावे, म्हणजे एकाला इजा झाली तरी दुसरा मदतीला राहील.

प्रश्न : निघायच्या दिवशी पाऊस असेल तर ओला तंबू तसाच गुंडाळावा का?

उत्तर : गुंडाळावा लागलाच तर पाणी झटकून, आतला कोरडा भाग आणि बाहेरचा ओला भाग वेगवेगळ्या पिशव्यांत भरावा, आणि घरी पोहोचताच, फार तर दुसऱ्या दिवशी, सावलीत पूर्ण उलगडून वाळवावा. ओला राहिला तर बुरशी धरतेच, शिवाय कापडाच्या आतला पॉलियुरेथेनचा लेप ओलाव्याने विघटित होऊन चिकट होतो व सुटू लागतो. एकदा तसा झाला की तो पूर्ववत होत नाही. शिवणी आणि खालच्या कडा सर्वांत शेवटी वाळतात. घडी घालण्यापूर्वी तिथे बोट फिरवून पाहावे.